देवनागरीचे माप आधी घ्यावे

गोव्यातील पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या ग्रंथालयाने, पतसंस्थेने, देवस्थान समितीने अथवा शाळेने आपले संकेतस्थळ करवून घेण्याचे मनावर घेतले म्हणजे ते काम बहुधा आसपासच्याच गावातील, नुकतेच शिक्षण संपविलेल्या एखाद्या मुलाकडे वा मुलीकडे जाते. आणि ते पत्करल्यावर आज सर्वांत आधी जे केले जाते त्यात जावास्क्रिप्टचा एखादा प्रकल्प उभा करणे आणि त्यात टेलविंड हे सीएसएसचे साधन बसविणे या दोन गोष्टी जवळजवळ ठरून गेलेल्या असतात. ही मांडामांड अर्ध्या तासाची असते. परंतु या अर्ध्या तासात जे केले जाते, आणि त्याहून अधिक म्हणजे जे करावयाचे राहून जाते, त्यावर पुढे कित्येक वर्षे मराठी आणि कोंकणी वाचकाला ती पाने सुखाने वाचता येतील की नाही हे अवलंबून असते. म्हणूनच हा विषय संगणकवाल्यांच्या दालनातच न ठेवता वृत्तपत्राच्या सर्वसाधारण वाचकापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. वेबपानावर काय लिहिले आहे ते एका भाषेत सांगावे आणि ते कसे दिसावे, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, समास, ओळींमधील अंतर, हे दुसऱ्या भाषेत सांगावे, ही कल्पना होकॉन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संस्थेत असताना, मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिला अधिकृत प्रमाणाचे रूप आले. आणि तीच आजची सीएसएस. आशय आणि रूप यांची ही फारकत व्यवसायात तत्त्व म्हणून इतकी रुजली, की २००३ साली डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या उपक्रमात एकाच मजकुराला, त्याच्या मूळ मांडणीला हात न लावता, नाना कलावंतांनी नाना रूपे देऊन दाखविली तेव्हा त्या तत्त्वाची सिद्धी डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान पुष्कळांना लाभले. व्यवहारात मात्र निराळीच अडचण निघाली. पानाच्या प्रत्येक भागाला काही नाव द्यावयाचे, त्या नावाखाली रूपाचे नियम लिहावयाचे, ती नावे ज्याने त्याने आपल्या मनाने ठेवावयाची, आणि दोन-तीन वर्षे लोटल्यावर कोणता नियम काढला असता कोणते पान विस्कटेल हे मूळ लिहिणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येऊ नये, अशी अवस्था बहुतेक मोठ्या प्रकल्पांची झाली.

या अनुभवातून उलट दिशेचा विचार पुढे आला. थिएरी कोब्लेंत्झ यांनी याहूमधील कामाच्या आधारे २०१३ मध्ये तो मांडला होता; कॅनडातील ॲडम वाथन यांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये एका निबंधातून त्याचे सविस्तर समर्थन केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या सहकाऱ्यांसह टेलविंडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या पद्धतीत भागांना नावे ठेवावयाची नसतात. एकेक क्लास, म्हणजे रूपाच्या नियमाचे ठरीव नाव, एकच लहानसे काम करतो: ‘पी-४’ म्हटले की चारही बाजूंनी १६ पिक्सेलची मोकळी जागा, ‘टेक्स्ट-सेंटर’ म्हटले की मजकूर मधोमध, ‘एमडी’ हा उपसर्ग लावला की तो नियम ७६८ पिक्सेल व त्याहून रुंद पडद्यावरच लागू. असे ठरीव क्लास मजकुरालगत लिहीत जावयाचे आणि पान घडवावयाचे. यालाच युटिलिटी-फर्स्ट म्हणतात.

ते बसविण्याची रीत पूर्वीपेक्षा आता पुष्कळ सुटसुटीत झाली आहे. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत एक स्वतंत्र कॉन्फिग फाइल करावी लागे, तीत कोणकोणत्या फाइली तपासावयाच्या त्यांचे मार्ग नोंदवावे लागत, पोस्टसीएसएस नावाचे आणखी एक साधन सोबतीला घ्यावे लागे, आणि मुख्य सीएसएस फाइलीच्या आरंभी तीन निर्देश लिहावे लागत. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत, प्रकल्पाची मांडणी करून देणारे व्हीट हे साधन वापरणाऱ्या प्रकल्पात, एनपीएम या पॅकेजे उतरविणाऱ्या साधनाने दोन पॅकेजे घ्यावी, व्हीटच्या कॉन्फिगमध्ये टेलविंडचा प्लगइन नोंदवावा आणि सीएसएस फाइलीत आयातीची एक ओळ लिहावी, एवढे पुरते. मग हे साधन प्रकल्पातील फाइली निव्वळ मजकूर म्हणून वाचत जाते, त्यांत जे क्लास सापडतील तेवढ्यांचेच नियम तयार करते, आणि म्हणून वाचकाच्या फोनवर जाणारी सीएसएस बहुतेक प्रकल्पांत १० किलोबाइटहून कमी भरते. याच रीतीमुळे नवशिक्यांची एक हमखास फसगत होते, ती अशी की रंगाचे नाव एका चलातून घेऊन ‘बीजी’ आणि ‘६००’ यांच्या मध्ये जोडणारा क्लास त्या साधनाला दिसतच नाही. संपूर्ण नाव फाइलीत कोठेतरी अखंड लिहिलेले असावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रीफ्लाइट या नावाने ब्राउझरची बहुतेक उपजत रूपे आधी पुसून टाकली जातात, त्यामुळे मथळे साध्या मजकुराएवढे दिसू लागतात आणि यादीपुढील ठिपके नाहीसे होतात. तो दोष नसून हेतुपुरस्सर केलेली सफाई आहे.

मी या पद्धतीच्या बाजूचा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ती विरूप आहे, तिने मजकुराच्या फाइलीत क्लासांची दाटी होते, हा आक्षेप खरा असला तरी तो आपल्या परिस्थितीत निर्णायक ठरत नाही. डिचोली तालुक्यातील पुष्कळ घरांना, २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्यावर, मुलांच्या उपजीविकेचा नव्याने विचार करावा लागला. पेडण्यात मोपाचा विमानतळ आला आणि जानेवारी २०२३ पासून वाहता झाला, तरी ज्यांना घरी राहून संगणकाचे काम करावयाचे आहे त्यांची वाट तेवढ्याने सोपी झालेली नाही. अशा ठिकाणी काम करणारी माणसे एकटीदुकटी असतात, आणि आज ज्याने संस्थेचे संकेतस्थळ केले तो उद्या पुण्याला वा बंगळुरूला नोकरी लागून जातो. त्याच्यामागून येणाऱ्याला पूर्वसूरीने मनाने ठेवलेल्या नावांचा उलगडा करीत बसावे लागत नाही, कारण क्लास तेच असतात जे त्याने स्वतः शिकलेले असतात. ही या पद्धतीची लहान संस्थांना होणारी सर्वांत मोठी सेवा आहे. मोठ्या संस्थांनाही ती मानवते. ईआरपीनेक्स्ट ही हिशेब व कारभाराची खुली प्रणाली घडविणाऱ्या मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने आपला फ्रॅपे यूआय हा कंपोनंटांचा, म्हणजे पानाच्या तयार घटकांचा, संच व्ह्यू ही जावास्क्रिप्टची चौकट आणि टेलविंड यांवरच उभारला असून त्याचा कोडही सर्वांस खुला ठेवला आहे. ज्या विद्यार्थ्याला उत्तम नमुना समोर ठेवून शिकावयाचे आहे त्याने तो अवश्य वाचावा. तेथे क्लासांची दाटी कंपोनंटाच्या आत राहते आणि बाहेर सुबक नावे दिसतात, त्यामुळे वरील आक्षेपाचे उत्तरही त्याला आपोआप मिळेल.

माझी तक्रार निराळी आहे. टेलविंडमधील मापे ही रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेली आहेत, आणि ती आपण न तपासता उचलतो.

याचा प्रत्यय घ्यावयाचा तर या दोन तालुक्यांतील गावांची नावेच घ्यावी. पेडण्यातील हळर्ण, कासारवर्णे, इब्रामपूर. डिचोलीतील लाटंबार्से, सुर्ल, कुडणे. हळर्ण या नावात ‘ण’च्या माथ्यावर रफार आहे. कासारवर्णे आणि लाटंबार्से यांत एकाच अक्षराच्या माथ्यावर मात्रा आणि रफार दोन्ही आहेत, शिवाय लाटंबार्से या नावात ‘ट’वर अनुस्वारही आहे. सुर्ल या दोनच अक्षरांच्या नावात ‘स’खाली उकार आणि ‘ल’वर रफार. आता ही नावे टेलविंडच्या ‘टेक्स्ट-५एक्सएल’ या मथळ्याच्या मापात बसवून पाहावी. हे माप ४८ पिक्सेलचे, आणि त्याच्याबरोबर येणारी ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच, म्हणजे एकपट. रोमन अक्षरांचे त्यात भागते, कारण मोठ्या मथळ्यात त्या लिपीच्या ओळी जवळ आलेल्या चांगल्याच दिसतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर एक मजला आणि अक्षराच्या पायाखाली एक तळघर असते, आणि दोन्हींत वस्ती असते. मथळा फोनच्या अरुंद पडद्यावर दोन ओळींत मोडला, पहिल्या ओळीत इब्रामपूर आणि तिच्या बरोबर खाली लाटंबार्से आले, म्हणजे वरचा दीर्घ ऊकार खालच्या रफारात घुसतो. मुंबईच्या एक टाइपने घडविलेला आणि खुल्या परवान्याने दिलेला ‘मुक्त’ हा फाँट घेतला तर त्याच्या कर्त्यांनी ओळीची स्वाभाविक उंची दीडपटीहून अधिक धरलेली आढळते. म्हणजे ज्यांनी या लिपीचा अभ्यास केला त्यांचे मत आणि साधनाचे गृहीत यांत केवढे अंतर आहे ते पाहावे.

हे झाले मथळ्याचे. कार्डावर किंवा तक्त्याच्या रकान्यात नाव एका ओळीत मावावे म्हणून ‘ट्रंकेट’ हा क्लास लावण्याची वहिवाट आहे. तो चौकटीबाहेरचा भाग कापून टाकतो. त्याला घट्ट ओळीची जोड मिळाली की माथ्यावरचा रफार अर्धामुर्धा छाटला जातो, आणि लहान अक्षरांत हळर्णचे ‘हळण’ आणि सुर्लचे ‘सुल’ वाचले जाते. गावाचे नाव हा त्या गावच्या माणसाच्या ओळखीचा भाग असतो. जमिनीच्या उताऱ्यावर कारकुनाने ते नाव चुकीचे लिहिले तर आपण मामलेदाराकडे अर्ज करतो, मग पडद्यावर ते अपुरे दिसत असताना ती बाब किरकोळ कशी मानावी?

आणखी एक प्रकार तर आपल्या संकेतस्थळांवर सर्रास आढळतो. तयार नमुन्यांत लहान उपशीर्षकासाठी ‘अपरकेस’ आणि ‘ट्रॅकिंग-वाइड’ हे दोन क्लास जोडीने लावलेले असतात: पहिल्याने रोमन अक्षरे मोठ्या लिपीत येतात, दुसऱ्याने त्यांच्यामध्ये किंचित अंतर पडते, आणि उपशीर्षक भारदस्त दिसते. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही, म्हणून पहिला क्लास निष्फळ ठरतो. आणि दुसरा केवळ निष्फळ न ठरता घातक ठरतो, कारण अक्षरांत अंतर पडले की शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्द एकसंध न राहता त्याचे तुकडे होतात. तिरप्या अक्षरांचेही असेच आहे. देवनागरीत तिरप्या वळणाची रोमनसारखी स्वतंत्र परंपरा नाही, त्यामुळे ‘इटॅलिक’ लावले की ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून वाकडी करतो. भर द्यावयाचा असेल तर वजन वाढवावे किंवा रंग बदलावा.

यंत्र परक्या लिपीच्या मापाने घडलेले यावे आणि आपल्या लिपीने त्यात कशीबशी जागा करून घ्यावी, हा अनुभव गोमंतकाला नवा नाही. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, पण १६१६ मध्ये ते छापून निघाले ते रोमन लिपीत. आणि ते तसे का निघाले याचे कारण त्यांनीच १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रातून कळते. येथल्या भाषेत आणि येथल्याच लिपीत ग्रंथ छापावे अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. परंतु युरोपात जे चोवीस साच्यांत भागते त्याला येथे सहाशे साचे पाडावे लागतील, ही गोष्ट अशक्य वाटत आली होती. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणकलेवरील आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात हा वृत्तान्त दिला आहे, आणि प्रत्येक गोमंतकीय विद्यार्थ्याने तो वाचावा असा आहे. नंतरच्या काळात देवनागरी खिळ्यांची संख्या घटविण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही परिश्रम केले. त्या सर्वांपुढे धातूचा आणि खर्चाचा खरा अडथळा होता. आपल्यापुढे तसा कोणताच अडथळा नाही. साच्यांऐवजी आपल्याला सीएसएसच्या दहा-पंधरा ओळी लिहावयाच्या आहेत, आणि त्या न लिहिण्याला सबब राहिलेली नाही.

त्या कोणत्या, तेही सांगतो. चौथ्या आवृत्तीत ‘@थीम’ या कलमाखाली मूळ मापे बदलण्याची पूर्ण मुभा आहे. तेथे प्रथम फाँट नेमावा. तो न नेमल्यास टेलविंड वाचकाच्या यंत्रातील उपजत फाँट घेते, म्हणजे विंडोजवर बहुधा निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलच्या यंत्रावर कोहिनूर, आणि एकच पान तीन ठिकाणी तीन मापांनी दिसते. नेमलेला फाँट परक्या सर्व्हरवरून न मागविता आपल्याच सर्व्हरवर ठेवावा, आणि वापरात असलेली दोनच वजने उतरवून घ्यावी. देवनागरीच्या फाइली रोमनपेक्षा बऱ्याच जड असतात आणि डोंगराआडच्या वाड्यांवर मोबाइलचा जोर आजही सर्वत्र सारखा नसतो. मग ‘टेक्स्ट-एक्सएस’पासून ‘टेक्स्ट-९एक्सएल’पर्यंत प्रत्येक मापाला ओळीची उंची नव्याने द्यावी: सलग मजकुराला पावणेदोन पटीच्या आसपास, मथळ्याला दीडपटीच्या जरा खाली, आणि सव्वापटीच्या खाली कोठेही नाही. अक्षरांमधील अंतराची सर्व मापे शून्यावर आणावी, म्हणजे तयार नमुन्यातून चुकून आलेला ‘ट्रॅकिंग-वाइड’ही निरुपद्रवी होईल.

थीमच्या बाहेरची, परंतु तितकीच महत्त्वाची, एक दुरुस्ती आहे. व्हीट जो प्रकल्प तयार करून देते त्याच्या पहिल्याच फाइलीत पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते, आणि मराठी संकेतस्थळे ती नोंद तशीच ठेवून प्रसिद्ध होतात. तिचा परिणाम असा की अंध वाचकाला पान वाचून दाखविणारे साधन इंग्रजी उच्चाराचा आवाज निवडू पाहते; आणि ज्या फाँटांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे स्वतंत्रपणे दिलेली आहेत ते फाँटही हिंदी वळणेच दाखवितात, कारण पान मराठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ‘ईएन’ची दोन अक्षरे खोडून ‘एमआर’ लिहावी, कोंकणी पानासाठी ‘केओके’ लिहावी, एवढाच हा खटाटोप आहे.

आवृत्तीची निवडही डोळे मिटून करू नये. चौथ्या आवृत्तीला क्रोम १११, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स १२८ किंवा त्यापुढील ब्राउझर लागतो. अँड्रॉइड ६ वरील क्रोम १०६ च्या पुढे जात नाही. तेव्हा ज्या संस्थेचे वाचक जुने फोन वापरणारे आहेत, जसे ज्येष्ठ सभासदांची पतसंस्था वा दूध सोसायटी, तिने अद्ययावततेच्या हौसेखातर आपल्याच सभासदांना विस्कटलेले पान दाखवू नये. तिच्यासाठी तिसऱ्या आवृत्तीची ३.४ ही शाखा अद्याप योग्य आहे, आणि वर सांगितलेली सर्व मापे तीतही कॉन्फिग फाइलीतून बदलता येतात.

हे काम प्रत्येक मुलामुलीने आपापल्या घरी नव्याने करावे, ही अपेक्षा मात्र मला अन्याय्य वाटते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीचा सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद केली. या दोन भाषांच्या संबंधांवरून गोमंतकात जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावरून झाला असेल. परंतु रफार, उकार आणि शिरोरेषा यांची गरज दोघींनाही सारखीच आहे, आणि एका थीम फाइलीत दोघींचेही हित साधते. राज्य सरकारने, अथवा सरकार न करील तर मये येथील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या एखाद्या संस्थेने, अशी फाइल जाणकार अक्षररचनाकारांच्या सल्ल्याने सिद्ध करून खुल्या परवान्याखाली सर्वांस उपलब्ध करून द्यावी, आणि टेलविंडची नवी आवृत्ती आली की ती अद्ययावत करण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी सोपवावी. शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याची योजना सरकारने आखली आहे, ती स्तुत्य आहे. तीत मुलांनी केलेले पहिले पान त्यांच्या गावाच्या नावाचे आणि त्यांच्या लिपीचे असावे, आणि क्लासांच्या नावांमागे सीएसएसचा कोणता नियम उभा आहे हेही त्यांना त्याच वेळी दाखवावे, कारण ज्याला ‘लीडिंग-नन’ ठाऊक आहे पण ओळीची उंची म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याला बिघाड दुरुस्त करता येत नाही.

संस्थाचालकांनाही यात आपला वाटा उचलता येईल. संकेतस्थळाच्या कामाची निविदा काढताना तपशिलात रंग, पानांची संख्या आणि मुदत लिहिली जाते, तसे देवनागरीच्या कसोटीचेही एक कलम घालावे. काम ताब्यात घेण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील गावांच्या नावांची यादी मोठ्या मथळ्यात, बटनावर आणि तक्त्याच्या अरुंद रकान्यात लावून ती एखाद्या साध्या, चार-पाच वर्षांच्या जुन्या फोनवर वाचून पाहावी. रफार, अनुस्वार आणि उकार सर्वत्र शाबूत असल्याची नोंद दफ्तरी करावी, आणि मगच शेवटचा हप्ता अदा करावा.